देवरामबाबांच्या खाचरात होडी

नगर जिल्ह्यात होडी दुरुस्त करायला चाललोय, असं मी हर्णैच्या नाक्यावर सांगितलं तेव्हा कोणी विश्वासच ठेवला नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि नगर म्हटलं की आमच्याकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे ऊस, कांदा आणि पाण्याचा टँकर एवढंच येतं. एकाने तर विचारलं, टँकरमध्ये सोडायची का होडी? तीन वर्षांपूर्वी मलाही याहून जास्त माहीत नव्हतं. त्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले नावाचा तालुका आहे, तिथे जवळजवळ आमच्याइतकाच पाऊस पडतो, भात पिकतो, आणि धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत असं शिरलेलं असतं की समोर दिसणाऱ्या वाडीला जायलाही होडी लागते. हे सगळं मला कळलं ते मयुरीमुळे.

मयुरी आमची धाकटी. जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिला नेमणूक मिळाली ती अशाच एका पाण्यापलीकडच्या वाडीवर. शाळेची एक खोली, अकरा मुलं आणि शिकवायला ही एकटी. वाडीचं आणि धरणाचं नाव मी मुद्दाम देत नाही. वाडीकरांनीच मला बजावलंय, नाव छापलंत तर दर शनिवारी पुण्याच्या गाड्या येतील आणि आम्हाला आमच्याच होडीत बसायला जागा मिळणार नाही.

तर ती होडी. धरणात मासे धरणाऱ्या कुणा ठेकेदाराची जुनी लाकडी होडी वाडीने कधीतरी घेतली होती. मयुरी अलीकडच्या, म्हणजे रस्त्याकडच्या गावात खोली घेऊन राहते, कारण वाडीत मोबाईलला रेंज नाही आणि हल्ली रेंज नसेल तर शिक्षकाचं पानही हलत नाही. रोज सकाळी होडीने पलीकडे, संध्याकाळी परत. यंदा थंडीत होडीच्या फळ्या कुजल्या, पाणी आत यायला लागलं आणि लोकांनी ती काठावर ओढून पालथी घातली. तेव्हापासून मयुरी पाण्याला वळसा घालून डोंगराच्या अंगाने चालत जायची. जायला अडीच तास, यायला अडीच तास. दोनदा पाय मुरगळला.

फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊन होडी बघा. झाली तर मी इथेच राहणार. नाही झाली तर बदलीचा अर्ज भरते. शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

बदली म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे घरी. आमच्या घरात तीन वर्षं जी गोष्ट मागून मिळाली नव्हती, ती आता एका कुजक्या होडीवर येऊन ठेपली होती. बायकोने माझ्या पिशवीत सुकट, सोडे आणि राळेचा डबा भरला आणि दारात उभं राहून म्हणाली, "होडी कर बाबा, तू करशीलच. पण पोरीला घेऊन ये." या दोन गोष्टी एकत्र कशा होणार ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी होड्या बांधणारा सुतार. माझा बाप बांधायचा, मी बांधल्या. आता आमच्या बंदरात सगळ्या फायबरच्या होड्या झाल्या, आणि फायबरला सुतार लागत नाही. सहा-सात वर्षांत मला कोणी लाकडी होडीला हात लावायला बोलावलं नव्हतं. त्यामुळे लाकूड तासायचा वाकस, पटाशी, रंधा काढून धार लावताना मला झालेला आनंद बायकोला दिसू नये म्हणून मी ते काम मागच्या अंगणात केलं.

राजूरचा बाजार

प्रवासाचं काय सांगायचं? एसट्या बदलल्या, पाय सुजले, आणि एका कंडक्टरने वाकस बघून मला मागच्या सीटवर बसवलं. राजूरला उतरलो तेव्हा बाजार भरला होता. मयुरी न्यायला आली होती. उन्हाने काळी झाली होती आणि चालताना डावा पाय जरा जपून टाकत होती. पण बाजारातून जाताना दर दहा पावलांवर कोणीतरी "बाई" म्हणून हाक मारायचं, कोणी तिच्या पिशवीत मूठभर वाल टाकायचं, कोणी मुलाची तक्रार सांगायचं. आमच्या हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी माझ्या बापाला लोक अशीच हाक मारायचे. मला ते आठवलं.

बाजाराच्या एका कोपऱ्यात ओळखीचा वास आला. बघतो तर बोंबील, जवळा, सुकट, सगळं मांडलेलं. डोंगरातून आलेल्या बायका चाखून, वास घेऊन, आमच्याकडच्या बायकांपेक्षा जास्त चिकित्सा करून घेत होत्या. मी विकणाऱ्याला विचारलं, माल कुठला? तो म्हणाला, कोकणातला. मी म्हटलं, मीही. त्यावर त्याने मला भाव कमी करून दिला नाही, पण चहा पाजला. माझ्या पिशवीतली सुकट मला एकदम फार साधी भेट वाटायला लागली. पुढे वाडीत ती ज्या आदराने डब्यात भरली गेली ते बघून ही शंका फिटली.

वाडी

दुसऱ्या दिवशी मयुरीबरोबर चालत निघालो. पहिला तासभर मी कोकणातल्या चढणींच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या तासात गप्प बसलो. शेवटच्या अर्ध्या तासात तिने माझी हत्यारांची पिशवी घेतली आणि मी ती दिली. एका ठिकाणी पायवाट घसरून गेली होती, खाली सरळ दरी. तिथे तिने मला हात धरून नेलं आणि सहज म्हणाली, इथेच पाय मुरगळला. मी त्याच जागी मनात ठरवलं की होडी होवो न होवो, ही इथे राहणार नाही.

वाडी बारा घरांची. सगळे महादेव कोळी. मला वाटलं होतं, कोळी म्हणजे पाण्यातली माणसं, आपली भाषा जुळेल. माझी राहायची सोय देवरामबाबांच्या पडवीत होती. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा सरळ माणूस. मी त्यांना होडीबद्दल आमच्या शब्दांत काही विचारलं तर ते हसले. म्हणाले, "मिस्त्री, आमी डोंगरातलं. पानी आमच्याकडं आलं, आमी पान्याकडं न्हाई गेलो." धरण झालं तेव्हा ते लहान होते. खालची जमीन पाण्यात गेली, घरं वर चढवली. होडी चालवायला ते लोक गरजेने शिकले होते, तेही त्यांचा मुलगा सोमा आणि आणखी दोघं. बाकीचे होडीत बसायचे ते होडीची कड घट्ट धरून.

जेवण मात्र असं की मी तिथेच घर करावं. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, वालाची उसळ आणि हातसडीच्या तांदळाचा भात, ज्याचा वास चुलीपासून दारापर्यंत यायचा. आमच्याकडे भातावर माशाची आमटी नसली तर जेवण झालंसं वाटत नाही. इथे मी तीन दिवस नुसता भात आणि वरण खाल्लं आणि एकदाही तक्रार केली नाही. हे बायकोला सांगितलं तर ती अजून मानत नाही.

होडी जांभळाच्या झाडाखाली पालथी होती. मी तिच्या पोटावर हात फिरवला, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं. दोन फळ्या पार गेल्या होत्या, बाकीच्यांचे सांधे उघडले होते, पण कणा चांगला होता. नव्या फळ्या कुठून आणायच्या हा प्रश्न पडला. देवरामबाबा उठले आणि थोड्या वेळाने गोठ्याचं दार खांद्यावर घेऊन आले. जुना सागवान, दोन रुंद फळ्या. मी म्हटलं, अहो, गोठ्याला दार? तर म्हणाले, बैल काही कुठं जात न्हाई.

सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा आणि वर राळ फिरवायची, ही आमची जुनी रीत. कापूस हौसाबाईंनी दिला. हौसाबाई म्हणजे देवरामबाबांची वहिनी, वाडीतली सगळ्यात मोठी बाई, वयाने आणि आवाजानेही. त्यांनी आपली उशी फाडली आणि कापूस माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, बाईंसाठी देते, तुमच्यासाठी न्हाई. तेल आम्ही माशाचं वापरतो. इथे खुरासणीचं होतं. ते राळेबरोबर तापवलं की असा वास सुटायचा वाऱ्यावर की काम करणारे आम्ही आणि खोलीत पाढे म्हणणारी मुलं, सगळ्यांनाच वेळेआधी भूक लागायची.

मला कबूल केलं पाहिजे, ते तीन दिवस मी फार सुखात होतो. दार रंधून त्याची फळी झाली, फळी वाकून होडीच्या पोटाला बसली, तेव्हा मी म्हातारा झालोय हे विसरलो. मधल्या सुट्टीत मयुरी येऊन बसायची. संध्याकाळी चार वाजता ती परतीला लागायची आणि वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी रंधा थांबवून बघत राहायचो. होडी मन लावून करत होतो आणि होडी झाली की पोरगी इथेच राहणार हेही कळत होतं. दोन्ही एकाच हाताने चाललं होतं.

गुरुवार संध्याकाळ

गुरुवारी काम संपलं. मयुरी निघून गेली होती. आम्ही सात-आठ जणांनी होडी सरळ केली आणि ढकलत पाण्याच्या कडेला नेली. तिथे जमीन बरीच सपाट होती. लाकडाची होडी कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात. म्हणून आधी ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, फळ्यांनी पाणी प्यायलं की सांधे आपोआप मिटतात. अर्धी होडी पाण्यात आणि अर्धी काठावर अशी ठेवली आणि हात धुवायला वाकलो. बघतो तर मघाशी ज्या दगडाला पाणी लागलं होतं तो आता वीतभर कोरडा.

सोमा म्हणाला, पुरीच आत ढकलू का? आणि मी, चाळीस वर्षं समुद्राकाठी होड्या बांधलेला माणूस, त्याला म्हणालो, "राहू दे. ओहोटी लागलीय. सकाळी भरतीला पाणी येईल, आपोआप उचलेल."

आमच्याकडे हे वाक्य माणूस दिवसातून दोनदा बोलतो. पाणी गेलं की सहा तासांनी येतं, हे आम्हाला कोणी शिकवत नाही. भरती बघून आम्ही लग्नाची वेळही पुढेमागे करतो. धरणाला भरती-ओहोटी नसते हे मला माहीत नव्हतं असं नाही, कोणी विचारलं असतं तर मीच समजावून सांगितलं असतं. पण त्या वेळी डोक्याने नाही, तोंडाने उत्तर दिलं. देवरामबाबांनी माझ्याकडे जरा बघितलं, ओठ हलवले, आणि मग "व्हय मिस्त्री" एवढंच म्हणून काठी उचलली. सगळे घरी गेले.

शुक्रवार

सकाळी उठून काठावर गेलो आणि तिथेच उभा राहिलो. पाणी तीस पावलं लांब गेलं होतं. मधे सगळा काळा, चकाकणारा चिखल आणि त्यात आमची होडी, एका अंगावर कललेली, आपल्याच वजनाने वीतभर रुतलेली. मी पुढे गेलो तर गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल निघाली नाही.

देवरामबाबा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "खाली आवर्तन सोडलंय. उसाला पानी चाललंय."

मी विचारलं, मग परत कधी येणार?

"आखाडात," ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, काल बोलला का नाहीत? ते अवघडून म्हणाले की एवढा दर्याकाठचा मिस्त्री, त्याला काहीतरी ठाऊक असेल, आम्हाला वाटलं तुमच्या बोलावण्याने येत असेल. यात चेष्टा तीळभर नव्हती. माझ्या अब्रूसाठी बारा घरांनी रात्रभर आपलं शहाणपण गिळून ठेवलं होतं.

साडेनऊला मयुरी पोचली. तिने होडी बघितली, पाणी बघितलं, मग माझे चिखलाने भरलेले पाय बघितले. सोमाने झालं ते सांगितलं. ती मला बाजूला जांभळाखाली घेऊन गेली. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. पण सकाळी होडी चिखलात बघून मला सगळ्यात आधी जे वाटलं होतं, ते दुःख नव्हतं. पोरगी घरी येणार, असं वाटलं होतं. ते क्षणभरच, पण वाटलं होतं, आणि मयुरी माझी मुलगी आहे, तिला माझं तोंड वाचता येतं. ती म्हणाली, "आईने सांगितलं असेल, घेऊन ये म्हणून. ठीक आहे. उद्या शाळा सुटून पलीकडे गेले की अर्ज भरते." आणि शाळेकडे निघून गेली. थोड्या वेळाने मुलांचा कवितेचा आवाज आला, नेहमीसारखा.

तेवढं वाईट मला आयुष्यात कशाचं वाटलेलं नाही. माझ्या चुकीचं नव्हे, तिने मला चोर समजल्याचं. आणि ती पुरती चुकली नव्हती याचं त्याहून जास्त.

देवरामबाबा येऊन शेजारी बसले. बाईंचं काय बिनसलं, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगितलं, अर्ज, मुदत, बायकोचं बोलणं, सगळं. बाई जाऊ शकतात हे वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. मयुरीने सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ जमीन उकरत बसले. मग उठले, काठी घेतली आणि सरळ चिखलात उतरले.

मी ओरडून त्यांना थांबवणार होतो. पण ते बुडत नव्हते. काठी टोचत, जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं करत ते होडीच्या पलीकडे गेले आणि एका जागी काठी ठक्कन वाजली. ते तिथे उभे राहिले, पावलापर्यंतच चिखल. पुढे चार पावलं टाकली. तिथेही ठक्क.

"हे आमच्या बापाचं खाचर," ते मला म्हणाले. "ह्यो बांध. दगडाचा हाय. मी धोंडं वाह्यलेत हितं."

मी होडी ठेवली होती ती सपाट जागा म्हणजे पाण्याखाली गेलेलं त्यांचं भाताचं शेत होतं. म्हणून एवढा सपाट काठ, म्हणून हातभर पाणी उतरलं की तीस पावलं जमीन उघडी. आणि शेताचा दगडी बांध गाळाखाली जसाच्या तसा होता, होडीपासून चार हातांवर, सरळ पाण्यापर्यंत जाणारा. बांध संपतो तिथे खालचं खाचर, म्हणजे एकदम खोल पाणी. मी चाळीस वर्षं होड्या उतरवल्यात, पण कोणाच्या बापाच्या बांधावरून नाही.

सावड

शनिवारी सकाळी सगळी वाडी काठावर होती. या भागात सावड नावाची रीत आहे. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही सगळ्यांच्या. आमंत्रण लागत नाही, हौसाबाई दारावरून ओरडत गेल्या की झालं. आमच्याकडे होडी ओढायला माणसं बोलवावी लागतात आणि ओढून झाल्यावर खाडीकाठी त्यांची पिण्याची बैठक बसते. इथे बायका आधी आल्या, पदर खोचून, डोक्यावर भाताच्या पेंढ्याचे भारे घेऊन.

पेंढा चिखलावर जाड अंथरला. त्यावर बांबू आडवे टाकले. दोर होडीच्या नाकाला आणि कुशीला. मी कुठे बांधायचं ते दाखवलं, कुठे धरायचं नाही तेही दाखवलं, आणि मग माझं कोणी ऐकेना, कारण सगळे हौसाबाईंचं ऐकत होते. आमच्याकडे ओढताना एक जण ललकारी देतो आणि बाकीचे हुंकार. हौसाबाई काठावर उभ्या राहून एकेकाचं नाव घेऊन त्याला शिव्या घालत होत्या आणि प्रत्येक शिवीला होडी चार बोटं सरकत होती. मला त्यांनी, "ए भरतीवाल्या, तिकडं काय बघतोस, खांदा लाव," असं म्हटलं. मी लावला. माझ्या शेजारी मयुरीने लावला. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण माझा पाय घसरला तेव्हा तिने दंडाला धरलं.

होडी बांधावर चढायलाच तासभर लागला. चढली आणि मग बांबूंवरून घरंगळत गेली. बांधाच्या टोकावरून तिने नाक खाली घातलं, पाण्यात शिरली, डोललीही नाही फार, आणि सरळ उभी राहिली. सगळे नुसते धापा टाकत बघत होते.

मी आणि सोमा आत बसलो. बाकी कोणाला बसू दिलं नाही. तळाला गोठ्याच्या दाराच्या फळीजवळ एका सांध्यातून पाणी झिरपत होतं. मी त्यावर अंगठा धरून बसलो. असा किती वेळ बसलो कोण जाणे. माझ्या बापानेही प्रत्येक नव्या होडीत असाच अंगठा धरलेला मी पाहिलाय. हळूहळू फळीने पाणी प्यायलं आणि अंगठा काढला तर जागा कोरडी. तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते असं की मला हसू आलं, आणि सोमा घाबरून विचारायला लागला, मिस्त्री, काय झालं, बुडतोय का?

काठावर आल्यावर मयुरीला म्हटलं, बस. सोमाने वल्ही मारली. वळशाने अडीच तास लागणारी वाट पंधरा मिनिटांची झाली. अर्ध्या पाण्यात आल्यावर रेंज आली आणि तिच्या पिशवीतला मोबाईल एकामागून एक वाजायला लागला. तिने तो काढून हातात धरला आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "मयु, नको भरूस अर्ज."

ती म्हणाली, "आईला काय सांगाल?"

"सांगेन की तिथे पोरीसाठी बारा घरं चिखलात उतरतात. आपल्या आळीत किती उतरतील ते मोजून बघ म्हणावं."

तिने मोबाईल पिशवीत टाकला आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, दुसरी चप्पल पण गेली की हो. मग आम्ही दोघंही हसलो. मला तेव्हा इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. तीन वर्षं मी रोज संध्याकाळी, आत्ता पोरगी त्या परक्या मुलखात एकटी असेल, या विचाराने जेवत होतो. तो मुलूख परका नव्हता, आणि एकटी तर ती मुळीच नव्हती.

निघायच्या दिवशी देवरामबाबा होडीने सोडायला आले, कड घट्ट धरून. म्हणाले की मिस्त्री, बारा घरांची सावड आहे तुमच्यावर, ती फेडावी लागते, आखाडात भाताच्या आवणीला या. मी म्हटलं, मला रोपं लावता येत नाहीत. ते म्हणाले, "चिखलात उभं ऱ्हायला तर शिकलाय." गोठ्याला मी नवं दार करून देतो म्हणालो, तर तेही आखाडातच करा म्हणाले.

घरी

हर्णैला बायको दारात उभी होती. तिने माझ्या मागे बघितलं, तिथे वाडीने दिलेलं तांदळाचं पोतं होतं, मयुरी नव्हती. दोन दिवस ती माझ्याशी फक्त ताटापुरतं बोलली. मी तिला दार, उशी, बांध, पेंढा सगळं सांगत होतो आणि ती मासे साफ करत होती. तिसऱ्या दिवशी तिने त्या तांदळाचा भात केला, दोन घास खाल्ले आणि मान वर न करता विचारलं, "आवणीला बायका पण जातात का?"

तेव्हापासून रोज सकाळी सव्वानऊच्या सुमाराला, रेंज सुटायच्या आधी, मयुरीचा अर्ध्या पाण्यातून फोन येतो. "निघाले, होडीत आहे." एवढंच. त्यावर मी विचारतो, फळी कोरडी आहे का? ती म्हणते, आहे. मग मी चहा पितो.

आणि काल देवरामबाबांचा फोन आला. मुद्दाम होडीत बसून, अर्ध्या पाण्यात येऊन केला असणार, कारण मागे सोमाच्या वल्ह्यांचा आवाज येत होता आणि बाबांचा आवाज जरा कापत होता. म्हणाले, "मिस्त्री, तुमी म्हनला हुता तसं झालं. पानी आलं. बापाचं खाचर बुडालं, पार जांभळापातूर भरती हाय. कवा निघताय?"

मी बायकोकडे बघितलं. तिची पिशवी आदल्या दिवसापासूनच दारात भरून ठेवलेली होती, वर सुकट बांधलेली, आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी चिखलात न निघणारे, पट्ट्याचे नवे सँडल.